पाच पेले पाणी

"हा तिसरा, वहिनी. हा खास गुडघ्यांचा," उदय म्हणाला आणि त्यानं चोचीचा पेला वाफाळत्या धारेखाली धरला.

कुमुदवहिनींनी पेला दोन्ही हातांत घेतला. पांढऱ्या चिनी मातीचा, निळ्या फुलांचा पेला. त्याची मूठ पोकळ असते आणि तिच्यातूनच पाणी ओढून प्यायचं असतं. एक घोट घेऊन त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"कसलं हो हे! गंजक्या बादलीत मीठ विरघळवल्यासारखं."

"औषध गोड असतं का कधी? संपवा. तुमचे दीर डोळ्यांचे डॉक्टर, त्यांना काय कळतंय पोटातलं? मी फिजिशियन सांगतोय."

विलास हसला. केतकी हसली. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभी होते. माझ्याकडे तो फोटो अजून आहे. मागे उंच दगडी खांबांची रांग आहे, गरम झऱ्याची वाफ आहे, आणि मधोमध इरकली साडीवर माझं जुनं जाकीट घातलेल्या वहिनी नाक मुरडून तो पेला पिताहेत. उदयचा हात त्यांच्या कोपराखाली आहे, लहान मुलाला औषध पाजताना धरावा तसा.

"झाला बाई," वहिनी म्हणाल्या.

"असं कसं? अजून दोन झरे राहिलेत," उदय म्हणाला.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आम्ही तेव्हा सांगलीहून प्रागला गेलो होतो. मी, माझा नवरा विलास, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र डॉक्टर उदय लिमये, त्याची बायको केतकी, आणि कुमुदवहिनी. वहिनी म्हणजे विलासच्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कुरुंदवाडच्या घरात त्या एकट्याच राहायच्या.

त्यांना युरोपला न्यायचं विलासनं जाहीर केलं ते भाचीच्या लग्नात, भर पंगतीत. "वहिनींनी आमच्या घरासाठी एवढं केलं, आता त्यांना युरोप दाखवणार मी!" लोकांनी जेवता जेवता माना वळवून त्याच्याकडे पाहिलं. एका मामेसासूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला.

खरी हकीकत वेगळी होती. आदल्या वर्षी आम्ही चौघं इटलीला गेलो होतो. तिथं उदयच्या पोटाला काहीच मानवेना. आठ दिवस तो पावावर चिडत राहिला आणि आम्ही त्याच्यावर. परतीच्या विमानातच तो म्हणाला होता, "पुढच्या वेळी हॉटेल नको. फ्लॅट घेऊ, आणि करून घालणारं कुणीतरी बरोबर नेऊ." विलास म्हणाला, "आमच्या वहिनी आहेत की." मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला ती कल्पना छान वाटली. वहिनींच्या हातच्या आमटीची सर कुणाला नव्हती.

प्रागमध्ये आम्ही आठ दिवसांसाठी फ्लॅट घेतला होता. बेत असा, की मुक्काम एकाच ठिकाणी ठेवायचा आणि रोज सकाळी निघून आजूबाजूचं एकेक गाव बघून संध्याकाळी परत यायचं. पहिल्या दिवशी कुत्ना होरा. तिथं माणसांच्या हाडांनी मढवलेलं एक चर्च आहे. कवट्यांच्या माळा, हाडांची झुंबरं. फोटो काढू नका असं रखवालदारीण सांगत असताना उदयनं एका कवटीशेजारी गाल नेऊन दात विचकले आणि केतकीला "काढ, काढ" म्हणाला. नंतर बाहेरच्या बाकावर बसून आम्ही वहिनींनी पहाटे केलेल्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लसणीची चटणी खाल्ली. तेलकट बोटं उदयनं बाकाच्या खालच्या अंगाला पुसली. दुसऱ्या दिवशी कार्लश्टाइनचा किल्ला, तिसऱ्या दिवशी आणखी एक गाव. डबे रोज वेगळे असायचे. दशम्या, दडपे पोहे, गुळाच्या पोळ्या.

वहिनी घरी असत. "त्यांचे गुडघे दुखतात," विलास पहिल्या दिवशी म्हणाला आणि तो विषय तिथंच मिटला. कुरुंदवाडला त्या रोज नदीचा घाट उतरून दत्ताच्या दर्शनाला पलीकडच्या वाडीला जात हे मला माहीत होतं. आम्ही संध्याकाळी दार उघडलं की फोडणीचा वास यायचा, पानं वाढलेली असायची.

तिसऱ्या रात्रीचं आवरताना, मी ताटं पुसत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "विदुला, उद्या मी आले तर चालेल का गं? डबा करीन मी. आधीच करून ठेवीन."

त्यांचा तो आवाज मला आवडला नाही. इतका लीन आवाज ऐकला की समोरच्या माणसाचाच राग येतो. मी बाहेर येऊन विलासला सांगितलं. त्यानं उसासा टाकला. "चालवणार का त्यांना एवढं? मग दर दहा मिनिटांना बसायला लागणार."

उदय सोफ्यावर पोट सोडून लोळला होता. "येऊ देत की! उद्या कार्लोवी वारी आहे. नावातच वारी, चुकवू नका म्हणावं. औषधी पाण्याचे झरे आहेत तिथं. वहिनींचे गुडघे दुरुस्त करून आणू."

अशा त्या आल्या. बसमध्ये खिडकीपाशी बसून सगळा वेळ बाहेर बघत होत्या. हिरवी शेतं, लाल कौलं, मधेच पिवळ्याधमक फुलांचा पट्टा दिसला की मागे वळून मला म्हणायच्या, "बघितलंस का?" गाव तर त्यांना फारच आवडलं. नदीच्या दोन्ही काठांना रंगीत इमारती, आणि कुठंही धक्काबुक्की नाही. सगळे हातात ते चोचीचे पेले घेऊन सावकाश फिरताहेत. "किती निवांत माणसं," त्या म्हणाल्या.

उदयनं त्यांच्यासाठी पेला विकत घेतला. आमच्यापैकी कुणीच ते पाणी घोटभरापलीकडे प्यायलं नाही. वहिनी पाच पेले प्यायल्या. पाचवा त्यांना जात नव्हता. उदय म्हणाला, "अर्धवट सोडलं तर गुण येत नाही." मग तोही त्यांनी संपवला.

परतीच्या बसमध्ये आम्ही चौघं पुढेमागे दोन-दोन असे बसलो होतो. वहिनींना आमच्या मागच्या ओळीत, पलीकडच्या बाजूची जागा मिळाली होती. त्यांच्या शेजारी एक वयस्क झेक बाई होत्या. आखूड पांढरे केस, मांडीवर भाजीची पिशवी. बस भरलेली होती. गणवेशातली एक तरुण मुलगी सगळ्यांना कॉफी देत फिरत होती.

तासभर झाला असेल. माझ्या खांद्यावर हात पडला. वहिनी उभ्या होत्या. चेहरा पांढरा फटक, वरच्या ओठावर घाम.

"विदुला, गाडी थांबवता येईल का गं? पोटात फार कळ येतेय."

बसमध्ये शौचालय होतं, पण त्याच्या दाराला नादुरुस्तीची चिठ्ठी लावलेली होती. मी विलासला हलवलं. तो डुलकी घेत होता.

"अर्धा-पाऊण तास राहिलाय," तो म्हणाला. "धरा म्हणावं जरा. बस काय आपल्या घरची आहे?"

पुढच्या सीटवर उदयचे खांदे हलताना दिसले. तो हसत होता. केतकी त्याच्या दंडावर चापट मारत दबक्या आवाजात म्हणाली, "शी, गप ना."

वहिनी जागेवर जाऊन बसल्या. त्यांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि ओठ हलत होते. दत्ताचं नाव घेत असाव्यात. मी ड्रायव्हरकडे जायला हवं होतं. सात-आठ पावलांवर होता तो. मी गेले नाही. मला वाटलं, होईल काहीतरी, येईल मधे थांबा.

मग वास आला.

आधी कुणाला कळलं नाही. पुढच्या एका पोरानं नाक दाबलं आणि काहीतरी मोठ्यानं बोलला. माना वळू लागल्या. केतकीनं स्कार्फ नाकाला लावला. मागे दोघंजण उठून उभे राहिले. मी वळून पाहिलं. वहिनी दांडा धरून तशाच बसल्या होत्या, मान खाली. त्यांच्या सीटवरून, साडीच्या निऱ्यांखालून, चपलेवर ओघळ आला होता. त्या रडत नव्हत्या. पायाचा अंगठा तेवढा आत ओढून घेत होत्या, जणू एवढं आवरलं तर पसरायचं थांबेल.

कॉफीवाली मुलगी धावत आली. तिनं एकदा पाहिलं, आणि मग इंग्रजीत विचारलं. बसमध्ये तपकिरी कातडीचे आम्हीच होतो, म्हणून आमच्याकडे बघूनच विचारलं.

"या बाई कुणाबरोबर आहेत?"

उदय फोनमध्ये बघत होता. केतकी खिडकीत. मुलीनं विलासला पुन्हा विचारलं, "सर, तुमच्याबरोबर आहेत का?"

"नो," विलास म्हणाला. "वी आर नॉट टुगेदर."

स्पष्ट म्हणाला. रुग्णाला चष्म्याचा नंबर सांगावा तसं. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या तिकिटाकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. पण पुरेसा वेळ. कारण तेवढ्यात ती शेजारची झेक बाई उठली होती, अंगातला लांब स्वेटर काढून तिनं वहिनींच्या कमरेभोवती गुंडाळला होता, आणि ड्रायव्हरच्या दिशेनं अशा आवाजात ओरडली होती की बस हळूहळू कडेला जायला लागली.

बस एका पेट्रोलपंपावर थांबली. ती बाई वहिनींना धरून खाली उतरवू लागली. वाटेतल्या लोकांनी पाय आत घेतले. मी उठले तर विलासनं मनगट धरलं.

"बस खाली. आहे ना ती बाई तिच्याबरोबर. तमाशा नकोय."

'तिच्याबरोबर' म्हणाला. जन्मात कधी वहिनींना त्यानं अहोजाहो सोडलं नव्हतं. मी मनगट सोडवून घेतलं आणि उतरले. उतरले हे खरं, पण सगळ्यात शेवटी उतरले, हेही खरं.

पंपाच्या स्वच्छतागृहात वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, परकर पिळून वर खोचलेला. ती बाई बाह्या वर करून बेसिनमध्ये साडी धूत होती. नाकाला हात नाही, कपाळाला आठी नाही. घरची मोरी धुवावी तशी ती धूत होती. मी दारात उभी राहिले.

वहिनींनी मला पाहिलं. "तू आत नको येऊस. तुझे कपडे खराब होतील."

मी आत गेले. नळ सोडला, कागदाचे रुमाल ओले केले आणि त्यांचे पाय पुसायला खाली बसले. त्या पाय मागे घेत होत्या. "असू दे गं. मला घाणीचं काही नाही. सासूबाईंचं दोन वर्षं केलंय मी अंथरुणात. पण त्या आपल्या घरात होत्या. हे असं... चार लोकांत..." त्यांचा आवाज तिथं चिरकला.

त्या दोन वर्षांत मी दर रविवारी सासूबाईंना बघायला कुरुंदवाडला जायची. फळं न्यायची. उशाशी बसायची, कारण पायथ्याशी वास यायचा.

वहिनी त्या बसमध्ये परत चढायला तयार झाल्या नाहीत. "मी चालत येईन, पण त्या गाडीत नाही." मी बाहेर जाऊन विलासला सांगितलं. तो दाराच्या पायरीवर उभा होता. मुलगी आत सीट पुसत होती.

"मग दुसऱ्या बसनं या मागून," तो म्हणाला. "पत्ता आहे ना तुझ्याकडे?"

बस गेली. तो पायरीवरून आत जाताना मी पाहिलं. त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसत होता.

त्या बाईचं नाव यार्मिला. तिला इंग्रजी चार शब्द येत होते. तिनंही आपली बस सोडली होती. तिनं फोन केला आणि अर्ध्या तासात तिचा भाचा जवळच्या गावातून गाडी घेऊन आला, दाराएवढा रुंद माणूस. सोबत त्यानं आपल्या बायकोचा एक सैलसर फुलाफुलांचा झगा आणला होता. वहिनींनी तो घातला. बाराव्या वर्षापासून त्यांनी झगा घातला नव्हता. उघड्या पोटऱ्या झाकायला त्या सारखा तो खाली ओढत होत्या. ओली साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर धरली होती.

आम्ही दोघी गाडीत मागे बसलो. उन्हं अजून होती.

"विदुला," वहिनी म्हणाल्या, "ती पोरगी भाऊजींना काय विचारत होती गं?"

"काही नाही. पाणी हवंय का विचारत होती."

"आणि ते काय म्हणाले?"

"गाडी थांबवा म्हणाले."

"बरं." त्यांनी पिशवीची गाठ घट्ट केली. थोड्या वेळानं बाहेर बघतच म्हणाल्या, "नॉट म्हणजे नाही. एवढं येतं मला."

आम्ही फ्लॅटवर पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. तिघं पिझ्झा मागवून बसले होते. टेबलावर चीजचे धागे आणि चावलेल्या कडा पडल्या होत्या. विलास उठला. "आलात? बरं झालं. वहिनी, आधी आंघोळ करून घ्या." कुणी विचारलं नाही, की कशा आलात, कुणी आणलं, बरं वाटतंय का.

वहिनी न्हाणीघरात गेल्यावर उदयनं ग्लास खाली ठेवला. "चला, पोट तर साफ झालं! उद्या गुडघे बघू." आणि तोंडातल्या घासासकट तो खदखदून हसला. "अरे, ग्लॉबर सॉल्ट असतं त्या पाण्यात. एका पेल्यात घोडा मोकळा होतो, बाई पाच प्यायली! मला वाटलं फार तर रात्री दोन-चार चकरा होतील. बसमध्येच निकाल लागेल असं वाटलं नव्हतं."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पाटी आहे की तिथं. चार भाषांत लिहिलंय."

विलास हसत होता. पोटभर नाही, पण हसत होता. त्याच्या मिशीला टोमॅटोचा लाल रस लागला होता. मी या माणसाबरोबर तेवीस वर्षं एका ताटात जेवले होते. त्या मिशीकडे बघताना मला जे वाटलं, ते त्या बसमधल्या वासानंही वाटलं नव्हतं. मी खोलीत जाऊन दार लावलं.

सकाळी मला पोळपाटाच्या आवाजानं जाग आली. वहिनी उठल्या होत्या. केस धुतलेले, धुवट सुती साडी. कणीक भिजवून पुऱ्या लाटत होत्या. तीच वेळ, तेच काम. काल काही झालंच नाही असं दाखवायचा त्यांच्याजवळ दुसरा मार्ग नसावा.

केतकी माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, पण तिचं कुजबुजणं नेहमीच ऐकू जाईल इतकं असतं. "विदुला, आज त्यांच्या हातचं नको गं. राग नको मानूस. सारखं ते डोळ्यांसमोर येतं. आपण बाहेरच खाऊ."

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला. मग शेगडीचं बटण बंद झाल्याचा आवाज आला. मग नळाचा. वहिनी हात धूत होत्या. किती वेळ धूत होत्या! मी आत गेले तर साबण लावून, खळखळून, पुन्हा साबण लावत होत्या.

"वहिनी, चला. साडी बदला. आपण जाऊ कुठंतरी."

"कुठं?"

"कुठंही. आपण दोघीच."

विलास दाढी करता करता बाहेर आला. "आज ड्रेस्डेन ठरलंय. तिकिटं काढलीत."

"तुम्ही जा."

"नाटकं करू नकोस, विदुला."

"तू काल सांगितलंस ना त्या मुलीला, आपण एकत्र नाही म्हणून," मी म्हणाले. "मग आज वेगळे जाऊ."

आम्ही म्येल्निकला गेलो. प्रागपासून तासाभराच्या अंतरावरचं टेकडीवरचं लहानसं गाव आहे ते. मला त्याची काही माहिती नव्हती. बसच्या फलकावर पहिलं नाव दिसलं, ते निवडलं. चर्चच्या मागे एक मोकळी गच्ची आहे. खाली द्राक्षांचे मळे आणि त्यांच्या पलीकडे दोन नद्या येऊन मिळतात. वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. गुडघे दुखल्याची एक खूण नाही. चढ माझ्यापेक्षा आधी चढल्या होत्या.

"संगम आहे गं! आपल्या कृष्णा-पंचगंगेसारखा. नावं काय यांची?"

"ही व्ल्तावा, प्रागमधून येते ती. आणि ती एल्ब."

"पुढं कुठलं नाव राहतं?"

"एल्बचं."

"म्हणजे इथंही एकीचं जातंच."

आम्ही बाकावर बसलो. ऊन कोवळं होतं. खाली एक बोट चालली होती. मला तोंड उघडायचंच होतं. मी बोलले.

"वहिनी, तिथं झऱ्याजवळ पाटी होती. इंग्रजीतही होती. हे पाणी जपून प्या, एकावेळी थोडंच प्या, पोट जाऊ शकतं, असं लिहिलं होतं. उदयनं तर वाचली होतीच." मी थांबले. "मीपण वाचली होती."

वहिनी बोटीकडे बघत होत्या.

मी बोलत राहिले. मला वाटलं, फार काही होणार नाही. सगळे हसत होते, तुम्हीपण हसत होतात. मग ते खोटं वाटलं म्हणून थांबले आणि खरं ते सांगितलं. मला तुमच्या येण्याचा राग आला होता. तुमच्यामुळे सावकाश चालावं लागत होतं. आणि मला बघायचं होतं काय होतं ते.

त्यांनी मान वळवली. "कितवा पेला होता तेव्हा?"

"काय?"

"तू पाटी वाचलीस, तेव्हा माझा कितवा पेला चालला होता?"

मला आठवत होतं. "दुसरा."

"मग पुढचे तीन तुझे," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. घासायची भांडी वाटून घेताना म्हणावं, तसं म्हणाल्या. मी वाट पाहिली, आता काही बोलतील, रडतील, 'जाऊ दे गं' म्हणतील. आमच्या घरात त्यांचं सगळ्यांवर 'जाऊ दे गं' असायचं. ते आलं नाही.

"भूक लागली," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "इथं मिळेल ना काही?"

आम्ही चौकातल्या एका खाणावळीत बटाट्याचं सूप आणि पाव खाल्ला. त्यांनी वाडगं पुसून खाल्लं. "मीठ कमी आहे. पण बसल्या जागी मिळालं," एवढंच म्हणाल्या.

उरलेले तीन दिवस वहिनींनी शेगडी पेटवली नाही. रविवारी विलासनं विचारलं, "वहिनी, निदान वरणभात तरी?" त्या खिडकीशी बसून ट्राम बघत होत्या. "गुडघे दुखतात हो, भाऊजी," त्या म्हणाल्या. "उभं राहवत नाही."

आम्ही त्यांना कुरुंदवाडला सोडायला गेलो, तेव्हा ओसरीवर शेजारपाजार जमला. कसं होतं युरोप, काय काय पाहिलं? वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, "दिरानं राणीसारखं फिरवलं हो. काही कमी पडू दिलं नाही." विलास खुर्चीत रेलून मान डोलावत होता. मी त्याचा चेहरा निरखून पाहिला. त्यात ओशाळेपण शोधलं. कुठंच नव्हतं. त्याला ते खरंच वाटत होतं. एक म्हातारी त्याच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडायला लागली आणि त्यानं नम्रपणे मान पुढे केली. मी उठून मागच्या दारी गेले आणि तोंड धुतलं.

मी विलासला सोडलं नाही. मुलगा बारावीला होता, विलासच्या हॉस्पिटलचं ऑफिस मी सांभाळत होते, आणि खरं सांगायचं तर माझ्यात ते बळ नव्हतं. उदय-केतकीकडे जाणं मी बंद केलं, एवढंच. वहिनी त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. सांगलीच्या आमच्या घरात त्यांनी पाऊल ठेवलं नाही, आणि विलास लोकांना अजून सांगतो, की त्यांना प्रवास झेपत नसे.

मी मात्र महिन्या-दोन महिन्यांनी कुरुंदवाडला जायची. त्या दार उघडायच्या, "ये" म्हणायच्या, चहा टाकायच्या. मुलाची चौकशी करायच्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणाकडे बारसं झालं, सगळं सांगायच्या. आतून आमटीचा वास यायचा. एक वाजायचा, दीड वाजायचा. मी उठले की त्या मला दारापर्यंत पोचवायला यायच्या.

कुरुंदवाडच्या त्या दारातून कुणी उपाशी परत गेलेलं मी पाहिलं नव्हतं. पोस्टमनलासुद्धा त्या थांबवायच्या. "जेवून जा," असं मला त्या पुन्हा कधीच म्हणाल्या नाहीत.